बानेचा बाजार: टीव्ही लावून बघा, मोबाइल तपासून घ्या

प्रश्न: इराणमधल्या बाने या डोंगरातल्या छोट्या कुर्दी शहरात टीव्ही-मोबाइलची एवढी दुकानं कशी? माल स्वस्त का, आणि घेताना काय बघावं?

उत्तर: इराकची सीमा इथून जेमतेम वीसेक किलोमीटर. सगळा बाजार त्या सीमेवर उभा आहे. बराचसा माल आयातशुल्क न भरता येतो, म्हणून स्वस्त. तो आणतात कोलबर. ‘कोल’ म्हणजे खांदा-पाठ, ‘बर’ म्हणजे वाहणारा. पंचवीस ते पन्नास किलोचं ओझं पाठीला बांधून ही माणसं झाग्रोस डोंगररांगेतल्या पायवाटा तुडवतात. हिवाळ्यात बर्फ, 1980-88 च्या इराण-इराक युद्धातले सुरुंग, वर सीमारक्षकांच्या गोळ्या. भावातली सूट या पाठींवरूनच येते.

आता खरेदी. असा टीव्ही पाठीवरून, खेचरावरून, मग गाडीतून आलेला असतो. खोकं आडवं पडलं की पातळ पॅनेल वाकतं आणि आतून तडकतं. बाहेरून खोकं मात्र कोरं करकरीत. म्हणून दुकानातच लावायला सांगा. पडद्यावर एकाच रंगाचं चित्र आणा: आधी पांढरं, मग काळं. पांढऱ्यावर उभी रेघ किंवा डाग दिसतो, काळ्यावर कडेचा फिकट उजेड. कोपरे नीट बघा, धक्का तिथेच बसतो. चोरवाटेच्या मालाला अधिकृत आयातदाराची हमी नसते, दुकानदाराची चिठ्ठी म्हणजे त्याचा शब्द.

मोबाइलचं दुखणं वेगळं. इराणमध्ये नोंदणी नसलेल्या फोनचं नेटवर्क मुदत संपली की बंद होतं. *#06# लावा, पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, येईल. दोन सिमचा फोन असेल तर दोन. ते खोक्यावरच्या आकड्यांशी जुळवा आणि *7777# वर नोंदणी तपासा. आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर पैसे देण्याआधी मालकी आपल्या नावावर करून घ्या. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

आणि भाव विचारताना रियाल की तोमान ते आधी पक्कं करा. एक तोमान म्हणजे दहा रियाल, आणि दुकानात बोलणं बहुतेक तोमानातच चालतं. बाहेरच्या देशांची व्हिसा-मास्टरकार्डं इथे चालत नाहीत, तेव्हा रोकड जवळ हवीच.