नव्या ऑनलाइन गटात ओळख कशी करून द्यावी, आणि तिथल्या चेष्टामस्करीत कसं शिरावं?

तुम्ही विचारलंय की छंदाच्या एका ऑनलाइन गटात नव्याने आलो आहे, तिथली जुनी मंडळी दिवसभर एकमेकांची खेचत असतात. तर ओळख म्हणून काय लिहू, आणि आगाऊ न वाटता त्या थट्टेत कसा सामील होऊ?

माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच आहे. ओळख अशी लिहा की लोकांना तुमची खेचता येईल. आणि ते तुमची खेचेपर्यंत तुम्ही कुणाची खेचू नका.

मी हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका गटात बरीच वर्षं आहे आणि नव्यांचं स्वागत करायचं काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं. त्यामुळे ओळखीचे संदेश भरपूर वाचून झालेत. नेहमीचा नमुना असा: "नमस्कार. मला लहानपणापासून खगोलशास्त्राची आवड आहे. इथे खूप शिकायला मिळेल अशी आशा आहे. सामावून घेतल्याबद्दल आभार." यात वावगं काहीच नाही. पण याला उत्तर काय देणार? "स्वागत आहे." दहा जण तेच लिहितात, अकरावा हात जोडल्याचं चित्र टाकतो, आणि संध्याकाळपर्यंत हा माणूस कोण होता ते कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसरा नमुना याच्या बरोबर उलट. शिक्षण, हुद्दा, मिळालेली प्रमाणपत्रं, वाचलेल्या ग्रंथांची यादी. नोकरीचा अर्ज चुकून आपल्याकडे आलाय की काय असं वाटतं. तिथे तर "स्वागत आहे" लिहायलाही लोक बिचकतात.

आता एका सभासदाची ओळख सांगतो. नेमके शब्द इकडचे तिकडे झाले असतील, पण मजकूर साधारण असा होता: "नमस्कार मंडळी. नुकतीच आयुष्यातली पहिली दुर्बीण घेतली. त्या दिवसापासून आकाश दिसलेलं नाही, नुसते ढग. सर्वांची आधीच माफी मागून ठेवतो. आतापर्यंत दुर्बिणीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी तेवढी पाहिली आहे. फारच सुरेख दिसते. शनी कुठे सापडेल?"

नवी दुर्बीण घेतली की ढग येतात, हा हौशी निरीक्षकांचा जगभरातला जुना विनोद आहे. त्यामुळे पहिला प्रतिसाद लगेच आला: "म्हणजे शनिवारचा आमचा बेत बुडाला तो तुमच्यामुळे!" दुसरा: "पावती असेल तर परत करा, अमावस्या तोंडावर आली आहे." (चंद्र नसलेली काळोखी रात्र म्हणजे आम्हा निरीक्षकांची पर्वणी.) तिसऱ्याने विचारलं, टाकीभोवती कडी दिसली का? त्यावर या गृहस्थांचं उत्तर: "कडी नाही दिसली, पण एक कावळा नियमित परिभ्रमण करत होता." बस्स. त्या दिवसापासून ते आमचे टाकीवाले.

आणि पुढचं बघा. त्याच धाग्यात, म्हणजे त्या संदेशाखालच्या संभाषणात, एका जुन्या सभासदाने गंभीरपणे लिहिलं की टाकीला हसू नका, दुर्बिणीवरचा शोधक (नेम धरायला बसवलेली छोटी दुर्बीण) दिवसाउजेडी जुळवून घ्यायला असंच दूरचं, जागचं न हलणारं काहीतरी लागतं. आधी कमी वर्धनाची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावून टाकीचं टोक मधोमध आणा, मग शोधकाची फुली त्याच टोकावर आणा. फक्त सूर्याच्या बाजूला नळी वळवू नका, डोळा कायमचा जाईल. म्हणजे थट्टेतून ओळख झाली आणि थट्टेतूनच मदतही मिळाली. नुसत्या "मार्गदर्शन करावे" या विनंतीला इतकं नेमकं उत्तर क्वचितच मिळतं.

त्या चार ओळींत काय होतं ते जरा निरखून पाहा. ढगांचा विनोद त्यांना माहीत होता, म्हणजे लिहिण्याआधी त्यांनी गटातलं वाचलं होतं. हसू होतं ते त्यांच्या फजितीवर. "मी अगदीच मठ्ठ आहे, मला काही जमत नाही" असा सूर कुठेही नव्हता. हा फरक महत्त्वाचा. स्वतःला फार खाली पाडलंत की लोकांना तुमची समजूत काढावी लागते, आणि समजूत काढता काढता कुणी थट्टा करत नाही. शिवाय टाकी ही ठळक, डोळ्यांसमोर उभी राहणारी गोष्ट होती. "मी थोडा विसराळू आहे" यावर कुणी काय बोलणार? "नेत्रिकेचं झाकण न काढता मी पाऊण तास गुरू शोधत होतो" यावर मात्र गटातले सगळे तुटून पडतील. आणि शेवटी एक प्रश्न होता, सोपा, कुणालाही उत्तर देता येईल असा.

आधी किती दिवस नुसतं वाचावं? ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक मार्गदर्शिका निघाली होती, आरएफसी १८५५ या क्रमांकाची. तिच्यात सांगितलंय की काही लिहिण्यापूर्वी एक ते दोन महिने वाचा. आजच्या वेगाला हे जास्तच झालं. माझ्या मते आठवडा-दोन आठवडे पुरेत. मात्र वाचनमात्र राहण्यात कमीपणा मानू नका. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ढोबळ हिशेब असा की ऑनलाइन समुदायांत ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेल्या एका टक्क्याकडून येतो. तुम्हाला जी धमाल दिसते आहे ती त्या मूठभरांची आहे. वाचताना कोण कुणाची खेचतो ते बघाच, पण कुणाची कुणीच खेचत नाही तेही बघा. त्यामागे सहसा कारण असतं. आणि कुठले विनोद आता घासून गुळगुळीत झालेत तेही ध्यानात ठेवा, नाहीतर शंभराव्यांदा तोच विनोद टाकणारा नवखा म्हणून तुमची नोंद व्हायची.

आता थट्टेत शिरण्याबद्दल. नव्या माणसाचा घोटाळा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. तो बघतो की एक सभासद दुसऱ्याला म्हणाला, "म्हाताऱ्या, चष्मा बदल, तो गुरू नाही, विमान आहे." सगळे हसले. मग दोन दिवसांनी हाही त्याच गृहस्थांना तसंच काहीतरी म्हणतो आणि धाग्यात एकदम शुकशुकाट. शब्द तेच, मग बिघडलं कुठे? बिघडलं ते परवान्यात. त्या दोघांनी कित्येक रात्री एकमेकांच्या दुर्बिणी दुरुस्त करण्यात घालवल्यात. त्या जमाखात्यावर ते खर्च करतात. तुमचं खातं अजून उघडलेलंच नाही.

मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये या प्रकारच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. दोन माणसांपैकी एकाला दुसऱ्याची चेष्टा करायची रीतसर मुभा असते, कधीकधी तर ती करावीच लागते, आणि दुसऱ्याने रागवायचं नाही असं बंधन असतं, असं ते सांगतात. त्यांनी अभ्यासलेल्या समाजांत कुणी कुणाची टिंगल करायची हे नात्यागोत्यावरून ठरलेलं असे. ऑनलाइन गटात तशी सोय नाही. तिथे मुभा देणं-घेणं दर वेळी नव्याने, माणसागणिक होतं. एकाने दिली म्हणून सगळ्यांनी दिली असं होत नाही.

ती मिळते कशी, तर आधी स्वतःवरची थट्टा झेलून. कुणी तुमची खेचली की सफाई देऊ नका. "तसं नाही, खरं म्हणजे त्या दिवशी धुकं होतं" असा खुलासा आला की खेळ बसला. आरोप मान्य करा आणि वर स्वतःच आणखी एक भर घाला, कावळ्यासारखी. असं दोन-चारदा झालं की मग तुमची पाळी. पहिली कोपरखळी अगदी हलकी असू द्या, आणि समोरच्याने स्वतःहून जी गोष्ट हसण्यावारी नेलेली आहे तिच्यावरच मारा. तीही मुरलेल्या सभासदाला. तुमच्याहून नवा आलेला असेल त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याला आधी रुळू द्या.

हजरजबाबी नसाल तरी बिघडत नाही. आमच्याकडे एक ताई आहेत, त्यांनी स्वतः विनोद केल्याचं मला आठवत नाही. पण कुठेही सलग ढग राहिले की त्या एवढंच लिहितात: "टाकीवाले, काय विकत घेतलंत?" जुना विनोद नेमक्या वेळी वर काढणं, दुसऱ्याच्या कोटीला मनापासून दाद देणं, कोण कशावर हसतो ते लक्षात ठेवणं, यानेही माणूस गटाचा होतो. उलट प्रत्येक धाग्यात कोटी करणारा लवकर नकोसा होतो. अशा एकाला आम्ही सगळे कंटाळलो होतो. (आता तो नियंत्रक आहे. काय बोलणार.)

लेखी थट्टेत सूर दिसत नाही, हे तुम्हाला वाटतं त्याहून मोठं लफडं आहे. २००५ मध्ये मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने कळवायची होती. ईमेलने पाठवणाऱ्यांना वाटलं की ७८ टक्के वेळा समोरच्याला बरोबर कळेल. प्रत्यक्षात ५६ टक्के वेळा कळलं. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढंच. आवाजातून सांगितलं तेव्हा मात्र ७३ टक्क्यांपर्यंत मजल गेली. लिहिताना आपल्या डोक्यात आपलाच सूर वाजत असतो, म्हणून तो वाचणाऱ्यालाही ऐकू जाईल असा भरवसा वाटतो.

स्मायलीचा जन्मही याच भानगडीतून झाला. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अंतर्गत संदेशफलकावर कुणीतरी गमतीने लिहिलं की एका प्रयोगामुळे लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींना ते खरंच वाटलं. मग १९ सप्टेंबरला तिथले संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोदाच्या शेवटी कोलन, आडवी रेघ आणि कंस अशी खूण करत जावी. आपल्या मराठी मंडळींनी पुढे "ह. घ्या." (हलके घ्या) आणि "दिवे घ्या" (इंग्रजी 'लाइट'वरची कोटी) काढलं, काम तेच. नवे असताना ही खूण जरूर वापरा. पण तिच्यावर विसंबू नका. त्याच १९९५ च्या मार्गदर्शिकेत बजावलंय की नुसती स्मायली जोडल्याने अपमान पुसला जात नाही. वाक्य खाली "ह. घ्या." न लिहिता चालणारच नसेल, तर बहुधा ते वाक्यच पाठवू नये.

कशावरून खेचू नये हे तुम्हालाही माहीत असेल, म्हणून थोडक्यात. रूप, वय, जात, धर्म, आजारपण, पैसा: माणसाने जे निवडलेलं नाही त्याला हात लावायचा नाही. साधनसामग्रीवरूनही जपून. लहान दुर्बिणीवरचा विनोद मोठी दुर्बीणवाल्याला गंमत वाटतो, पण लहानवाल्याने ती कशी जमवली ते आपल्याला ठाऊक नसतं. आणि शुद्धलेखनावरून खेचणं हा तर निव्वळ आळशीपणा.

कधीतरी मस्करीची कुस्करी होणारच. तेव्हा "अहो मी तर गंमत करत होतो, तुम्हीच मनावर घेतलंत" हे वाक्य चुकूनही लिहू नका, त्याने जखमेवर मीठ चोळलं जातं. जिथे विनोद केला तिथेच, सगळ्यांसमोर, एका ओळीत माफी मागा आणि त्या माफीत विनोद घुसवू नका. राग तुम्हाला आला असेल तर उत्तर रात्रभर ठेवून सकाळी पाठवा. हाही सल्ला त्या मार्गदर्शिकेतलाच आणि अजून लागू पडतो.

आणि एक तपासत राहा. बाण दोन्हीकडून सुटतायत ना? रोज एकाच माणसावर नेम धरला जात असेल आणि तो उलट काही बोलतच नसेल, तर ती खेळीमेळी नव्हे, तो छळ आहे. अशा गटात रुळायची धडपड करू नका, सरळ बाहेर पडा.

पण गट बरा असेल आणि एखादाच विषय तुम्हाला बोचत असेल तर निघून जायची गरज नाही. एकदा सरळ सांगा, आणि सांगताना दुसरा विषय हातात द्या. आमच्यातल्या एकाच्या घोगऱ्या आवाजावरून ऑनलाइन बैठकीत बरंच चालायचं. त्याने एक दिवस लिहिलं, "आवाजाचं सोडा, घशाचं ऑपरेशन झालंय. बाकी माझ्या फोटोंवर काय हवं ते बोला, ते आहेतच तसे." त्यानंतर आवाजाचा विषय कुणीही काढलेला नाही. फोटोंच्या बाबतीत मात्र त्याची धडगत नाही.