शेपटीपाशी केस गेले, पण पिसू दिसत नाही

प्रश्न : आमची भाटी (मादी मांजर) 4 वर्षांची. 15 दिवसांपासून शेपटीच्या बुडाशी चाटून चाटून केस गेलेत, पाठीवर बारीक खपल्या लागतात हाताला. पिसू एकही दिसत नाही. शेजारी म्हणतात, आमच्या कुत्र्याचं पिसवांचं औषध लावा. लावू का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ते औषध अजिबात लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. झटके येतात, जीवही जाऊ शकतो. ‘थोडंसंच लावलं हो,’ म्हणत थरथरणारं मांजर टॉवेलात गुंडाळून आणलेली माणसं मी पाहिली आहेत.

ही बहुधा पिसूच्या लाळेची ॲलर्जी. एक-दोन चावेही पुरतात, आणि चाटता चाटता मांजर पिसू गिळूनच टाकतं. बारीक दातांच्या फणीनं शेपटीकडचा भाग विंचरा. निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसूची विष्ठा. म्हणजे तुमच्या भाटीचंच पचलेलं रक्त.

तरी कातडी डॉक्टरांना दाखवाच, बुरशीनंही केस जातात. मांजराचंच औषध, वजन करून, मानेवर जीभ पोचणार नाही तिथे. घरातल्या सगळ्या कुत्र्यामांजरांना एकाच वेळी. पिसवांची अंडी गोधडीत, फरशीच्या फटीत गळतात आणि कोशातली पिसू महिनोन्महिने तग धरते. म्हणून गोधड्या गरम पाण्यात धुवा, आणि खाज थांबली तरी औषध निदान 3 महिने चालू ठेवा.