ओल्या मातीवरची फुलपाखरं आणि मोबाईलमधला नवरंग

प्रश्न : मे अखेरीस आमचा १४ जणांचा ग्रुप सुधागडच्या पायथ्याला फुलपाखरं, पक्षी बघायला गेला होता. ओढ्याकाठी ओल्या मातीवर वीस-पंचवीस फुलपाखरं चिकटून बसलेली, बाजूला घाणेरीची झुडपं फुललेली असूनही. मुक्कामाला लाईटखाली फिकट पोपटी, लांब शेपट्यांचा पतंग सापडला, मुलांनी साखरपाणी ठेवलं पण त्याने तोंड लावलं नाही, आजारी होता का? आणि लीडरने मोबाईलवर नवरंग पक्ष्याचा आवाज लावला तर तो समोरच येऊन बसला, फोटो छान मिळाले पण मनाला खटकलं.
– एक वाचक, पनवेल

उत्तर : खटकलं ते बरोबरच खटकलं, म्हणून आधी तेच सांगते. नवरंग आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो तो घरटं करायला. मोबाईलमधली शीळ ऐकून त्याला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, मग तो सगळं सोडून भांडायला येतो, आणि दर रविवारी नवा ग्रुप येऊन तेच करणार असेल तर त्या पक्ष्याने जोडीदारीण शोधायची कधी, घरटं बांधायचं कधी? विणीच्या काळात पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावूच नये, पुढच्या वेळी लीडरला तिथल्या तिथे सांगा. पहाटे आणि संध्याकाळी तो स्वतःच दोन सुरांची शीळ घालतो, गप्प उभं राहिलं की पालापाचोळ्यात उड्या मारताना दिसतोही.

तुमचा पतंग वर्णनावरून मून मॉथ वाटतोय, आणि तो आजारी नव्हता हो, त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं! अळी असताना साठवलेल्यावर तो जेमतेम आठवडाभर जगतो आणि तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घातली गेली पाहिजेत. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात, त्यांनी त्याला मादीचा वास लांबून कळतो. म्हणून साखरपाणी नको, हात लावणं नको, फक्त लाईट बंद करा, नाहीतर त्याची एक अख्खी रात्र बल्बपाशी जाते.

ओढ्यावरची मंडळी बहुतेक सगळे नर. फुलातल्या मधात साखर भरपूर पण सोडियम फार कमी, ते ओल्या मातीतून शोषून घेतात आणि मिलनाच्या वेळी त्यातलं मादीलाही देतात. अशी जागा सापडली की पुढे पळू नका, तुमची सावली त्यांच्यावर पडणार नाही असं बघून तिथेच अर्धा तास बसा. उडाली तरी थोड्या वेळाने परत येतात.