९० मिनिटं घेऊन बसला, ९५ शिल्लक ठेवून हरला

बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा शब्द इकडेतिकडे होतात पण प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. "मॅडम, घरी मस्त खेळतो, कोचसमोर मस्त खेळतो, ऑनलाइन तर मोठ्या मोठ्या लोकांना लोळवतो, आणि स्पर्धेत बसला की अर्ध्या तासात डाव उडवून बाहेर. किती वेळा सांगितलं हळू खेळ, विचार कर. लक्षच नाही त्याचं. बंद करून टाकावं का आता?"

कारण पण ते सोबतच घेऊन आलेले असतात, एक तर मुलगा निष्काळजी आहे नाहीतर मोबाइलमुळे धीर उरलेला नाही. कधीकधी हे खरं पण असतं बरं का. रोज ऑनलाइन तीन-तीन मिनिटांचे ढीगभर डाव खेळणाऱ्या पोराचा हात डोक्याच्या आधी उचलला जातो, हे कुठलाही कोच सांगेल, आणि त्याला इलाज सोपा आहे, ते डाव कमी करा. पण सगळ्यांचं तसं नसतं, म्हणून हा एक मुलगा सांगते. ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत.

वय अकरा. आई-बाबा दोघं आलेले, मुलगा बाहेर बसलेला. बाबांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. स्पर्धेत प्रत्येकाला ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला वर ३० सेकंद मिळतात, म्हणजे पटापट खेळलं तर घड्याळातला वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. ह्यानं पंचवीस चालींत डाव घालवला तेव्हा त्याच्या घड्याळात ९५ मिनिटं होती. बसला तेव्हापेक्षा जास्त! बाबा हे सांगताना जवळजवळ हसले, पण ते रागाचं हसू होतं.

मी विचारलं, प्रत्येक डाव असाच जातो का? आई म्हणाली हो. बाबा जरा थांबले आणि म्हणाले, नाही, तसं नाही, समोर मोठ्या रेटिंगवाला असला की तीन-तीन तास बाहेर येत नाही, मागच्याच स्पर्धेत एका १८०० वाल्याशी शेवटपर्यंत झुंजला, हरला पण काय खेळला. (रेटिंग म्हणजे जिंकण्या-हरण्यावरून ठरणारा खेळाडूच्या ताकदीचा आकडा, जितका मोठा तितका खेळाडू वरचा.)

आता बघा, मुलगा तोच, हॉल तोच, खुर्ची तीच. धीर नसता तर १८०० वाल्यासमोर पण नसता ना! धीर फक्त कमी रेटिंगवाल्यासमोर संपतो, म्हणजे भानगड धीराची नाहीच. मग मी त्यांना घरातल्या सगळ्या स्कोअरशीट्स, म्हणजे डावातल्या चाली लिहिलेले कागद, आणायला सांगितल्या. मी स्वतः बुद्धिबळ बऱ्यापैकी वाईट खेळते, मला त्या चालींमधलं फार काही कळणार नव्हतं, पण समोरच्याचं रेटिंग आणि डाव किती चालींत संपला एवढं तर कुणालाही वाचता येतं. आणि चित्र अगदी स्वच्छ होतं. आपल्यापेक्षा वरचा असेल तर पन्नास-साठ चाली, खालचा असेल तर वीस-पंचवीस चाली आणि मध्ये कुठेतरी घोडा नाहीतर वजीर फुकट दिलेला.

तारखा लावून बघितल्या तर हे सुरू झालं २०२४ च्या उन्हाळ्यात. त्याच्या आधीच्या डावांत असं काही नाही.

ज्यांची मुलं रेटेड खेळतात त्यांना आठवत असेल, १ मार्च २०२४ ला फिडेनं, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेनं, रेटिंगची सगळी खालची बाजू वर उचलली. २००० च्या खाली जे होते त्यांना २००० ला जितके कमी पडत होते त्याच्या ४० टक्के पॉइंट एकदाच मिळाले, आणि सगळ्यात खालची पायरी १००० ची १४०० झाली. ह्या मुलाचं रेटिंग १२५० होतं. ७५० कमी, त्याचे ४० टक्के ३००, म्हणजे एका रात्रीत १५५०. घरात आनंदीआनंद. बाबांनी नातेवाइकांना स्क्रीनशॉट पाठवला, आणि नंतर मुलाला म्हणाले, "आता हे टिकवायचं हं." बाबा वाईट माणूस नाहीत, कुठलाही बाप हेच म्हणेल.

मुलगा माझ्याशी पहिल्यांदा फारसं बोलला नाही. पट मांडून बसलो, मी हरले, परत हरले, तेव्हा तो जरा सैल झाला. मग मी विचारलं की १५५० झाल्यावर कसं वाटलं? तो म्हणाला, "ते माझे नाहीयेत." माझे नाहीयेत म्हणजे? तर त्यानं सांगितलं की रेटिंग वाढल्यानंतरच्या पहिल्याच स्पर्धेत त्याचा डाव एका अनरेटेड मुलीशी होता, त्याच्यापेक्षा लहान. अडीच तास खेळला, नीट विचार करून खेळला, आणि हरला. बाहेर आला तर कुणाचे तरी पालक आपसात म्हणत होते, हा १५५० का, ते मार्चमध्ये फुकट आले ना ३००, त्यातला हा.

हे आई-बाबांना माहीतच नव्हतं. बाबांना तो डाव आठवत होता, पण 'तिचं रेटिंग नव्हतं त्यामुळे ह्याचे पॉइंट गेले नाहीत' म्हणून आठवत होता. आणि ते बरोबरच आहे, अनरेटेड खेळाडूशी हरलं तर आपल्या रेटिंगमधून काही जात नाही. बाबांच्या हिशेबात त्या दिवशी शून्य नुकसान होतं, आणि मुलगा त्याच दिवसापासून वेगळा खेळायला लागला होता.

ह्याला मानसशास्त्रात सेल्फ हँडिकॅपिंग म्हणतात, आपल्याच हातानं आपल्या वाटेत दगड ठेवायचा म्हणजे ठेच लागली की दगडाकडे बोट दाखवता येतं. १९७८ मध्ये बर्गलास आणि जोन्स ह्या दोघांनी ह्यावर प्रयोग केला होता, तो मला ह्या केसमध्ये सारखा आठवत होता. कॉलेजच्या मुलांना कोडी दिली, काहींना सुटणारी आणि काहींना अशी की जी सुटूच शकत नाहीत, आणि सगळ्यांना सांगितलं तुमचं फार छान झालं. मग परत तशीच परीक्षा होती आणि त्याआधी दोन औषधांतलं एक निवडायचं होतं, एकानं म्हणे डोकं चांगलं चालतं आणि दुसऱ्यानं मंद होतं. खरी औषधं नव्हतीच ती. तर ज्यांना न सुटणाऱ्या कोड्यांवर शाबासकी मिळाली होती, त्यांच्यातल्या जास्त जणांनी डोकं मंद करणारं औषध मागितलं, त्यातही मुलींपेक्षा मुलग्यांनी जास्त. कारण आपल्याला यश का मिळालं हे त्यांनाच कळलेलं नव्हतं, मग ते परत कसं मिळवणार? त्यापेक्षा हरायला एक कारण हाताशी असलेलं बरं.

३०० पॉइंट न खेळता मिळालेला मुलगा ह्याच्यापेक्षा वेगळं काय करत होता? स्वतःची पाच-सात मिनिटं खर्चून हरलं की 'मी नीट खेळलोच नाही' म्हणता येतं. अडीच तास देऊन हरलं तर काय म्हणणार. १८०० वाल्यासमोर ही भीती नाही कारण तिथे हरलं तरी कुणी काही म्हणत नाही.

त्यात घरातला हिशेब भर घालत होता. १८ वर्षांखालच्या मुलांचं रेटिंग २३०० च्या आत असेल तर त्यांचा के फॅक्टर, म्हणजे एका डावानं रेटिंग किती हलू शकतं तो आकडा, ४० असतो. म्हणजे १५५० वाला १४०० वाल्याशी जिंकला तर १२ पॉइंट येतात, हरला तर २८ जातात, ड्रॉ झाला तरी ८ जातात. पेअरिंग, म्हणजे कुणाचा डाव कुणाशी ती यादी, लागली की बाबा हे फोनवर काढून मुलाला सांगायचे, चांगल्या मनानं, सावध राहावा म्हणून. आता अकरा वर्षांचं पोर पटावर बसायच्या आधी डोक्यात २८ घेऊन बसतंय. प्रत्येक उंट हलवताना २८.

खरं तर तो ४० चा आकडाच सांगतो की मुलांचं रेटिंग फार मनावर घेऊ नका. मोठ्यांना २४०० पर्यंत २० असतो आणि मुलांना त्याच्या दुप्पट, कारण मुलं भराभर सुधारतात आणि रेटिंग मागे राहतं, ते लवकर पोचावं म्हणून. समोर बसलेला १४०० हा कदाचित सहा महिन्यांपूर्वीचा १४०० असतो, आता तो कुठल्या कुठे गेलेला असतो. हे मी मुलाला सांगायच्या ऐवजी त्याच्या कोचला सांगायला लावलं, कारण माझ्याकडून पटाबद्दल काही ऐकून घेण्याची त्याची तयारी नव्हती, आणि रास्तच आहे, त्यानं मला हरवलंय.

मग केलं काय? बाबांना एकच काम दिलं पण ते अवघड होतं. डावागणिक बदलणारं लाइव्ह रेटिंग बघायचं नाही. फिडेची यादी महिन्याच्या १ तारखेला लागते, त्या दिवशी बघायचं, मुलाला बघायचं असेल तर त्याच्यासोबत, नसेल तर एकट्यानं आणि गप्प. बाबा म्हणाले, मॅडम हे नाही जमणार. मी म्हटलं एका स्पर्धेपुरतं जमवा. आणि हॉलच्या दारात "काय झालं?" विचारायचं नाही, पाण्याची बाटली द्यायची आणि चालायला लागायचं, सांगायचं तेव्हा तो सांगेल. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, लावून "बघ इथे तू जिंकत होतास" दाखवायचं तर स्पर्धा संपेपर्यंत अजिबात नाही, पुढचा राउंड दोन तासांवर असताना मुलाला ती माहिती काय कामाची आहे मला आजपर्यंत कुणी सांगू शकलेलं नाही.

'हळू खेळ' हे वाक्य मात्र मी सगळ्यांना बंद करायला लावलं, कोचला पण. हळू खेळ म्हणजे नेमकं काय करू हे मुलाला कळत नाही, तो हात मांडीखाली घेऊन बसतो, इकडेतिकडे बघतो, दोन मिनिटं झाली की तीच चाल खेळतो. त्याऐवजी कोचनं त्याला दर पाच चालींनी स्कोअरशीटवर चालीशेजारी घड्याळातली वेळ लिहायला सांगितली. नियमात बसतं हे, चाली आणि घड्याळाची वेळ लिहायलाच असते ती शीट. किती वेळ घ्यायचा हे कुणी सांगितलं नाही, नुसतं लिहायचं. आणि डाव संपला की कोच निकाल न विचारता त्या वेळा बघणार आणि विचारणार, इथे अकरा मिनिटं घेतलीस, काय बघत होतास?

मुलाला पहिल्यांदा हे बावळटपणाचं वाटलं, तसं तो बोलला पण. मग त्याच्याच लक्षात यायला लागलं की विसाव्या चालीला ९५ दिसलं की काहीतरी गडबड आहे.

मधे गुकेशचा विषय निघाला, तो निघतोच प्रत्येक घरात. बाबा सांगायचे, बघ, १२ वर्षं ७ महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला. वयाच्या विक्रमांच्या ह्या याद्या पालकांसाठी विष आहेत असं माझं मत आहे. आनंद ग्रँडमास्टर झाला तेव्हा १८ वर्षांचा होता, १९८८ मध्ये, आणि पुढे पाच वेळा जगज्जेता झाला, ते कुणी मुलाला सांगत नाही. मी मुलाला गुकेशचीच दुसरी गोष्ट विचारली, २०२४ ची टोरंटोची कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा. त्याला सगळं पाठ होतं, सातव्या राउंडला फिरोजाशी वेळेच्या गडबडीत हरला, मग विश्रांतीचा दिवस, मग आठव्याला विदितला हरवलं आणि शेवटी स्पर्धा जिंकली. गुकेशनं नंतर सांगितलं होतं की ही स्पर्धा आपली होऊ शकते असं त्याला त्या हरलेल्या डावानंतरच वाटलं. ह्यावर मुलगा म्हणाला, "पण तो वेळ संपवून हरला." मी काही बोलले नाही, त्याचं त्यालाच ऐकू गेलं असावं.

आईची काळजी वेगळी होती, की हा निम्मे डाव तर हरतोच मग जमत नाही असं समजायचं का? तर स्विस पद्धतीत समान गुण असलेल्यांना एकमेकांसमोर बसवतात, जिंकलात की पुढचा अवघड, हरलात की पुढचा सोपा, त्यामुळे हॉलमधली बरीचशी मुलं शेवटी निम्म्याच्या आसपासच येतात. पद्धतच तशी आहे. मूल निम्मे डाव हरतंय ह्यावरून काहीच कळत नाही. स्पर्धेच्या सकाळीच पोट दुखतं का, आणि कुणी न सांगता घरी पट उघडतो का, ह्यावरून कळतं. पोट दुखत असेल आणि पट महिनोन्महिने उघडला जात नसेल तर खुशाल बंद करा, मी स्वतः काही घरांना तसं सांगितलंय. हा मुलगा घरी एकटा पट मांडून बसायचा, त्यामुळे इथे बंद करायचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या स्पर्धेत काय झालं म्हणाल तर नऊपैकी साडेतीन, आधीच्यापेक्षा कमी. रेटिंग पण उतरलं. बाबांचा फोन आला, आवाज पडलेला, हळू खेळून पण हरतोय हो. मी स्कोअरशीट्स मागवल्या. कमी रेटिंगवाल्यांशी पण पंचेचाळीस, पन्नास चाली, वेळा लिहिलेल्या, वजीर कुठेच फुकट गेलेला नाही. दोन डाव तर हत्ती आणि प्यादी उरलेल्या शेवटात हरला होता, एक बरोबरीत सुटायला हवा होता असं कोच म्हणाले. इतके दिवस ह्याचे बरोबरीच्या मुलांशी होणारे डाव तिथपर्यंत पोचतच नव्हते, आणि मोठ्यांशी हरला तर ते मोठेच म्हणून सोडून दिलं जायचं, त्यामुळे ह्याला हत्तीचे शेवट येत नाहीत हे कोचला कळलंच नव्हतं. आता आठवड्यातले दोन तास कोच फक्त तेच घेतात, मुलाला ते कंटाळवाणं वाटतं आणि तो ओपनिंग शिकवा म्हणून वाद घालतो.