मधल्या डावात चांगली खेळी आणि लपलेले सापळे कसे ओळखावेत?

रोज बुद्धिबळाची कोडी सोडवूनही डावात काही दिसत नाही, असं लिहिलंय तुम्ही. दिसणार कसं? कोड्यात काहीतरी आहे हे आधीच ठाऊक असतं. डावात कोणी कानात येऊन सांगत नाही. समोरच्याची खेळी झाली की आधी बघा, तिने कशाचा आधार सुटला, कोणती रेषा उघडली. बिनआधाराचं मोहरं आणि कोंडलेला राजा, बहुतेक डावपेच इथूनच निघतात.

पण मला लिहायचंय ते एच7 बद्दल, म्हणजे काळ्या राजाशेजारच्या प्याद्याच्या घराबद्दल.

आमच्याकडे डोंबिवलीत गणपतीत मंडळाची स्पर्धा असते. पांढरी माझ्याकडे. उंट डी3, घोडा एफ3, प्यादं ई5 वर. काळ्याचं कॅसलिंग, म्हणजे राजाला हत्तीआड कोपऱ्याकडे नेणं, झालेलं, एफ6 वर घोडा नाही. म्हणजे ग्रीक गिफ्टच समोर: उंटाने एच7 मारून शह, राजाने उंट खाल्ला की घोडा जी5 ला शह, राजा मागे गेला की वजीर एच5, आणि एच7 वर मातीची धमकी. इटलीच्या ग्रेको या बुद्धिबळपटूच्या हस्तलिखितात सतराव्या शतकापासून असलेली ही युक्ती माझे मामा मात्र घरची असल्यासारखी सांगतात. तेच मागे उभे. माझा उंट हलेना तसे त्यांचे सुस्कारे सुरू.

मी बघत होतो काळ्याच्या सी8 वरच्या उंटाकडे. त्याची वाट मोकळी. डी7 वर काही नाही, ई6 वर काही नाही. माझा वजीर एच5 ला आला की तो एफ5 वर येऊन एच7 राखणार. मला तो मारता येणार नाही, कारण मध्ये जी5 वर माझाच घोडा. एफ7 ला त्याच्या हत्तीचा आधार. म्हणजे मात नाही, उंट गेला आणि हाती एक प्यादं. हा सापळा काळ्याने मुद्दाम लावला होता असंही नाही. बहुतेक सापळे कोणी लावलेले नसतातच.

मी वजीर सी2 ला नेला. एच7 चं प्यादं आता खरंच धोक्यात. त्याने जी6 केलं, माझा दुसरा उंट एच6 ला हत्तीवर. डाव पुढे बरोबरीत सुटला आणि मामांना आयुष्यभराचा विषय मिळाला. "मारला असतास तर वीस चालींत संपला असता." बुद्धिबळाच्या संगणक-इंजिनला दाखवलं, त्याचाही नकार. तर म्हणे, "यंत्राला धाडस काय कळतंय!"

तेव्हा मोहरं देण्याआधी समोरच्याची सगळ्यात शांत बचावाची खेळी शोधा. शह आणि मारामारी सगळ्यांनाच दिसते. आणि मागे उभ्या माणसाचं ऐकू नका, नात्याने कितीही मोठा असो.

हां, तीन मिनिटांच्या ऑनलाइन डावात खुशाल मारा, समोरच्याला उंट एफ5 सुचेपर्यंत घड्याळ संपतं. आणि काळ्याचं प्यादं ई6 वर असेल, तो उंट आत कोंडलेला असेल, तर हीच खेळी पुष्कळदा बरोबर ठरते. फ्रेंच बचावात, म्हणजे काळा पहिल्याच खेळीत ई6 करतो त्या सुरुवातीत, नेमकं तसंच असतं. मामांचे ते गाजलेले विजय बहुतेक फ्रेंचविरुद्धचेच आहेत, एवढं फक्त ते सांगत नाहीत.