वाचकांचे प्रश्न : गाडी गुलबर्ग्यात सापडली, आता केस कुठं शोधायची?

प्रश्न : आमच्या मिस्टरांची मोटारसायकल यंदा गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाजवळून चोरीला गेली, एफआयआर केला. मागच्या महिन्यात फोन आला की गाडी गुलबर्ग्यात मिळालीय. तेव्हापासून इथं विचारलं की म्हणतात कागद तिकडून यायचेत आणि तिकडं फोन केला की म्हणतात सोलापूरला विचारा. सगळं ऑनलाइन झालंय ना, मग मला घरबसल्या का दिसत नाही?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : ताई, तुमचा राग अगदी बरोबर आहे. सगळ्या ठाण्यांच्या गुन्ह्यांच्या नोंदी एकत्र जोडणारी पोलिसांची सीसीटीएनएस सिस्टीम 26/11 नंतर, 2009 मध्ये मंजूर झाली आणि आज देशातली 17 हजारांहून जास्त ठाणी तिला जोडलेली आहेत. चोरीच्या गाडीचा चेसिस नंबर, इंजिन नंबर तिच्यात चढतो, मग कर्नाटकातल्या ठाण्यानं सापडलेल्या गाडीचा नंबर टाकला की सोलापूरचा गुन्हा समोर येतो, तुमची गाडीही बहुतेक अशीच जुळली असणार. कोर्ट, जेल, सरकारी वकील, फॉरेन्सिक लॅब यांची सॉफ्टवेअरं वेगवेगळी, ती पोलिसांच्या सिस्टीमला जोडायचं काम आयसीजेएस करते, तिच्या दुसऱ्या टप्प्याला 2022 मध्ये 3,375 कोटी रुपये मंजूर झाले. पण ती आपल्यासाठी उघडी नाही, या खात्यांनी एकमेकांचं बघायचं म्हणून आहे. मला हीच मोठी उणीव वाटते, जिची गाडी गेली तिलाच सलग काही दिसत नाही.

आपल्याला बघायला जागा दोनच. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर एफआयआर मिळतो, तिथं सोलापूर शहर आणि सोलापूर ग्रामीण वेगळे आहेत, तुम्ही शहर निवडा, नाहीतर शोधत बसाल. दुसरी ई-कोर्ट्स, म्हणजे कोर्टांची वेबसाइट. तिथं ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर (एफआयआरचा नंबर) आणि वर्ष टाकून शोधता येतं. चार्जशीट दाखल होऊन केस रजिस्टर झाली की आरसीसी नंबर (कोर्टातला फौजदारी केसचा नंबर) आणि 16 अक्षरी सीएनआर नंबर (त्या केसचा स्वतःचा वेगळा ओळख नंबर) मिळतो, हा सीएनआर लिहून ठेवा, पुढची प्रत्येक तारीख त्याच्यावर दिसते. चार्जशीटच गेली नसेल तर तिथं बहुतेक काहीच सापडणार नाही, घाबरू नका.

आता गाडीचं. तपासी अंमलदारांना एवढंच विचारा, गाडी नेमकी कुठल्या नंबरखाली जप्त आहे? गुलबर्ग्याच्या ठाण्यानं स्वतःचा गुन्हा दाखल करून जप्त केली असेल तर ताब्याचा अर्ज तिथल्या कोर्टात करावा लागतो, आणि सोलापूर पोलिसांनी ती आपल्या गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून आणली असेल तर इथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडं. हे तोंडी नको, साध्या कागदावर अर्ज द्या, दोन्ही ठाण्यांची नावं आणि चेसिस नंबर लिहा, पोच घ्या. सुप्रीम कोर्टानं सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात 2002 मध्येच सांगितलंय की जप्त गाड्या ठाण्याच्या आवारात सडत ठेवायच्या नाहीत, फोटो काढून, बाँड घेऊन परत द्यायच्या. तुमचे वकील अर्जात हे घालतीलच. आरसी, इन्शुरन्स, आधार बरोबर ठेवा. इन्शुरन्सचा क्लेम घेऊन झाला असेल तर मात्र आधी कंपनीला कळवा, कारण मग गाडीवर त्यांचा हक्क येतो.

आणखी एक. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 प्रमाणे तपास कुठवर आला ते 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचंय, मेसेजवरही चालतं. तुम्हाला काही आलं नसेल तर अर्जात हे कलम लिहा. एवढ्या लोकांना हा हक्क माहीतच नसतो, त्याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : भांडणाच्या जुन्या केसमधून मी निर्दोष सुटलो, पण पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला केस चालू दिसते म्हणतात. काय करू?
– एक वाचक, जोडभावी पेठ

उत्तर : दादा, एफआयआर पोलिसांनी चढवला आणि निकाल कोर्टानं, जुन्या केसमध्ये गुन्हा नंबर किंवा वर्ष चुकीचं चढलं असेल तर दोन्ही नोंदी जुळतच नाहीत, आणि निर्दोष माणूस आरोपीच दिसत राहतो. हे छोटं नाही, नोकरी जाते लोकांची. कोर्टाच्या नक्कल विभागातून निकालाची सर्टिफाइड कॉपी काढा, ई-कोर्ट्सवर केस निकाली दिसत असेल तर त्याची प्रिंट जोडा आणि ज्या ठाण्यात गुन्हा होता तिथं अर्ज द्या की सीसीटीएनएसमध्ये कोर्टाच्या निकालाची नोंद घ्या. एक प्रत पासपोर्ट ऑफिसलाही द्या, नोंद दुरुस्त व्हायची वाट बघत बसू नका.