ऑक्सिजन दिला, पण औषध कुठे दिलं?

प्रश्न : नात पाच महिन्यांची. गणपतीला मुंबईकर आले, घर भरलं. गौरी गेल्या आणि हिला सर्दी झाली. तिसऱ्या दिवशी छातीत घरघर, अंगावर पिईना. चिपळूणला अ‍ॅडमिट केली. चार दिवस नाकाला ऑक्सिजन, सलाइन, वरचेवर नाक साफ करणं. अँटिबायोटिक दिलंच नाही. उपचारात काही राहिलं का? सूनबाई तेव्हा ताक प्यायली होती, ते बाधलं असेल का?
– एक आजी, गुहागर तालुका

उत्तर : आजी, आधी सूनबाईला त्या ताकातून सोडवा. बाधली ती पाहुण्यांपैकी कुणाची तरी सर्दी. या वयात असं होतं तेव्हा बहुतेक वेळा आरएसव्ही नावाचा विषाणू असतो. मोठ्यांना त्याने बहुधा नुसत्या शिंका येतात. तान्ह्यांच्या श्वासाच्या बारीक नळ्या मात्र सुजून शेंबडाने भरतात. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. ऑक्सिजन, मोकळं नाक आणि दुधातून किंवा सलाइनमधून अंगात पुरेसं पाणी, हाच इलाज. तो तिला मिळाला. खोकला अजून दोन-तीन आठवडे रेंगाळेल, घाबरू नका.

पुन्हा सर्दी झाली तर बाळ झोपलेलं असताना झबलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. तिच्या वयाला 50 किंवा जास्त भरले तर डॉक्टर गाठा. (दोन महिन्यांच्या आत 60, वर्षानंतर 40.) बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ कण्हतंय, दूध निम्म्यावर आलंय किंवा ओठ निळसर दिसतायत, तर शेवटची एसटी गेली म्हणून सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा.

तुम्ही लिहिलं नाहीत, तरी विचारतो: ओव्याची धुरी चालू आहे ना? बंद करा. सुजलेल्या नळ्यांना धूर फार बाधतो. माझ्या लेकीला माझ्याच आईने धुरी दिली होती आणि मी डॉक्टर असून दारात गप्प उभा होतो. तेव्हा हे तुम्हाला सांगताना मला जरा ओशाळंच वाटतं.

आता पुढच्या सणाला पडवीतच साबण ठेवा. हात धुतल्याशिवाय बाळ कुणाच्या मांडीवर द्यायचं नाही. नाक गळणाऱ्या आत्या-काकांनी तिला लांबूनच बघावं, आणि हे त्यांना सूनबाईने नाही, तुम्ही सांगायचं.